गूगलवर आपली शाळा कितवी?

प्रवेशाचे दिवस जवळ आले की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक छायाचित्र हमखास फिरू लागते. कोणीतरी आपल्या मोबाइलवर शाळेचा शोध घेतलेला असतो, पहिल्याच ओळीत आपल्या संकेतस्थळाचे नाव झळकत असते आणि खाली लिहिलेले असते, ‘गूगलवर आपली शाळा पहिल्या क्रमांकावर!’ मग अभिनंदनाचे अंगठे येतात, निळे झेंडे येतात, जयभीम येतो. हा आनंद खोटा नाही आणि ते छायाचित्रही खोटे नाही. मात्र त्यावरून सिद्ध होते ते एवढेच, की त्या क्षणी, त्या गावी, त्या माणसाच्या मोबाइलवर शाळा पहिली दिसली. दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसाला ती पहिली दिसते की विसावी, याविषयी ते छायाचित्र काहीही सांगत नाही.

हा फरक निवासी शाळेच्या बाबतीत क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ऊसतोडीचा हंगाम संपवून गावी परतलेल्या कुटुंबाला मे-जूनमध्ये एकच प्रश्न छळत असतो: पुढच्या हंगामात कोयता पुन्हा बाहेर पडेल तेव्हा मुलांना कोठे ठेवायचे? वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्यांचेही तेच. पूर्वी अशा पालकांना शाळा दाखवणारा गावातला एखादा शिक्षक असे, विहारात भेटणारा कार्यकर्ता असे. आज ते आहेतच, पण त्यांच्या आधी हातात मोबाइल येतो. मराठीत बोलून शोध घेण्याची सोय गूगलने २०१७ साली दिल्यापासून ज्याला टंकता येत नाही तोही विचारू शकतो. या पालकाला आपल्या शाळेचे नाव ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्याला शोधावेच लागले नसते. तो विचारतो ‘निवासी शाळा प्रवेश’, ‘मुलींसाठी वसतिगृह असलेली शाळा’, ‘पाचवीपासून राहून शिकण्याची सोय’. या प्रश्नांना उत्तर म्हणून आपली शाळा त्याच्यासमोर येते का, हे संस्थेने जाणून घेतले पाहिजे आणि ते आपल्या स्वतःच्या मोबाइलवर सहजासहजी कळत नाही. ते कसे कळवून घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

यंत्र आपल्याला ओळखते ते कसे?

शोधयंत्राचे मूळ काम समजायला अवघड नाही. ते जगभरातील पाने सतत वाचत फिरते, त्यातील शब्दांची एक प्रचंड सूची तयार ठेवते आणि आपण प्रश्न विचारला की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून त्यांची क्रमवारी लावते. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी मांडलेली कल्पना अशी होती, की ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने दुव्यांद्वारे बोट दाखवतात ते पान अधिक वजनदार मानावे. तेव्हा प्रश्न विचारणारा कोण आहे याला त्या गणितात फारसे स्थान नव्हते.

ते स्थान पुढे मिळाले. २००५ पासून गूगलने खाते उघडून शोध घेणाऱ्यांना त्यांच्या पूर्वीच्या शोधांनुसार निकाल देण्यास सुरुवात केली. ४ डिसेंबर २००९ रोजी ही पद्धत सर्वांना लागू झाल्याची घोषणा झाली. ज्याने खाते उघडलेले नाही त्याच्याही ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीच्या आधारे मागील १८० दिवसांचे शोध लक्षात घेतले जाऊ लागले. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या यंत्रात ठेवलेली एक छोटी खूणचिठ्ठी. पुढच्या वेळी ती दाखवली की आपण तेच आहोत हे त्याला कळते. अशा रीतीने एकाच प्रश्नाला दोघांना दोन निकाल मिळणे ही नेहमीची गोष्ट झाली.

यात वाईटच काही आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘दीक्षाभूमी’ असा एकच शब्द दोन माणसांनी टाकला, तर एकाला नागपूरच्या स्मारकाची माहिती हवी असेल आणि दुसऱ्याला कोल्हापूरहून धनबादला जाणाऱ्या दीक्षाभूमी एक्सप्रेसचे वेळापत्रक. दोघांचा कल ओळखून यंत्राने मदत केली तर ती सोयच होय. तसेच ‘जवळचे बुद्धविहार’ असे नांदेडच्या माणसाने विचारले असता त्याला मुंबईच्या विहारांची यादी देणे हा मूर्खपणा ठरेल. अडचण येते ती आपण त्याच यंत्राकडून मोजमाप करून घेऊ पाहतो तेव्हा. वजनकाट्यावर भाजी ठेवून त्याच पारड्यात आपला हातही टेकवावा, तसे हे होते.

या वैयक्तिकीकरणाचा परिणाम किती मोठा, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. अमेरिकन लेखक एली पॅरिसर यांनी २०११ साली ‘फिल्टर बबल’ हा शब्दप्रयोग रूढ केला. आपल्या दोन मित्रांनी एकाच वेळी ‘इजिप्त’ हा शब्द शोधला असता एकाला तेथील आंदोलनाच्या बातम्या भरभरून दिसल्या व दुसऱ्याला त्या दिसल्याच नाहीत, असे उदाहरण त्यांनी दिले होते. प्रत्येक जण आपापल्या बुडबुड्यात कोंडला जात आहे, असा त्यांचा इशारा होता. उलट गूगलचे म्हणणे असे, की निकालांतील फरक मुख्यतः ठिकाणामुळे आणि नुकत्याच केलेल्या शोधामुळे पडतो, व्यक्तीच्या आवडीनिवडींमुळे फार थोडा. बोस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दोनशे व्यक्तींच्या साहाय्याने याची मोजणी केली. वैयक्तिकीकरणामुळे सरासरी ११.७ टक्के निकालांत फरक पडतो असे त्यांना आढळले, आणि ठळक कारणे दोनच दिसली: खाते उघडे असणे आणि शोध घेणाऱ्याचे ठिकाण.

माझ्या मते सर्वसामान्य वाचकाने बुडबुड्याच्या कल्पनेने फार घाबरून जाऊ नये. परंतु आपण संस्थेची माणसे सर्वसामान्य शोधकर्ते नाही. शाळेचे संकेतस्थळ आपण वर्षातून पन्नास वेळा उघडतो, निकालाच्या दिवशी तर दहा वेळा. सामान्य माणसाच्या बाबतीत जो फरक अल्प असेल तो आपल्या बाबतीत, आपल्याच शाळेपुरता, सर्वांत मोठा असण्याचा संभव आहे. कधीकधी गूगल निकालाच्या खालीच लिहून ठेवते, की या पानाला आपण इतक्या वेळा भेट दिली आहे. ती ओळ दिसली तर समजावे, यंत्र आपल्याला ओळखून उत्तर देत आहे.

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपल्या वाचकांना परिचित आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जी कारणे पुरेशी नाहीत म्हणून सांगितली, त्यांत ऐकीव गोष्ट आणि परंपरा यांबरोबरच आणखी एक कारण आहे: एखादी गोष्ट विचारांती आपल्या मताशी जुळते, एवढ्यावरून ती खरी मानू नये. सुत्त शिकवताना ऐकीव गोष्टीवर आपण पुष्कळ बोलतो. या कारणावर मात्र थोडे. ओळखीच्या यंत्राने दिलेला पहिला क्रमांक नेमका याच जातीचा पुरावा होय.

स्वतःला बाजूला कसे ठेवावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत आधी प्रश्न बदलावा. शाळेचे पूर्ण नाव टाकून शोध घेतला तर शाळा वर येणारच. त्यात परीक्षा कसली? पालक जे शब्द वापरतील ते लिहून काढावेत. त्यासाठी शिक्षकांना नव्हे, मागील दोन-तीन वर्षांत प्रवेश घेतलेल्या मुलांच्या आईवडिलांनाच विचारावे, ‘शाळा शोधताना तुम्ही मोबाइलला काय विचारलं होतं?’ त्यांचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. ‘हॉस्टेलवाली शाळा’ म्हणाले असतील तर तसेच लिहावे. त्याचे ‘वसतिगृहयुक्त विद्यालय’ करू नये. प्रत्येक प्रश्न देवनागरीत आणि रोमन लिपीत असा दोनदा तपासावा, कारण दोन्हींचे निकाल पुष्कळदा वेगळे असतात. इंग्रजी अक्षरांत मराठी टंकणारे पालक काही थोडे नाहीत.

मग आपली ओळख काढून टाकावी. याचा सोपा मार्ग म्हणजे क्रोम ब्राउझरमधील इन्कॉग्निटो खिडकी. वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवले की तो पर्याय दिसतो. या खिडकीत आपले खाते उघडलेले नसते आणि जुन्या कुकी तिला दिसत नाहीत. मात्र तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. एकाच वेळी उघडलेल्या सर्व इन्कॉग्निटो खिडक्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून नवी तपासणी करण्यापूर्वी त्या सर्व बंद करून पुन्हा उघडाव्यात. त्या खिडकीत जीमेल उघडले की संपले. आपण पुन्हा ओळखीचे झालो. आणि तेथे आपण अदृश्य होतो ही समजूत तर साफ चुकीची आहे. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गूगलविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन इन्कॉग्निटोमध्ये गोळा झालेला जुना डेटा नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. आपल्यापुरता मुद्दा एवढाच: इन्कॉग्निटो आपला इतिहास बाजूला ठेवते, आपले ठिकाण ठेवत नाही.

ज्यांना आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्येच वैयक्तिक निकाल बंद करायचे आहेत त्यांना दोन वेगवेगळ्या जागी जावे लागते आणि बहुतेक जण पहिल्या जागेवरच थांबतात. गूगल खात्याच्या गोपनीयतेच्या विभागात ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचे बटण आहे. ते बंद केले की पुढील शोध खात्यात साठत नाहीत. पूर्वीचे साठलेले शोध मात्र तसेच राहतात, ते वेगळे पुसावे लागतात. तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांपूर्वीची नोंद आपोआप पुसली जावी अशीही योजना तेथेच करता येते. दुसरी जागा म्हणजे खाते उघडलेले नसताना लागू होणारे ‘सर्च कस्टमायझेशन’ हे बटण. ते त्या ब्राउझरपुरतेच असते आणि कुकी पुसल्या की त्या बटणाची आठवणही पुसली जाते, हा त्यातला विनोद.

याखेरीज एक जुनी युक्ती संकेतस्थळांचे काम करणारी मंडळी वर्षानुवर्षे वापरत आली आहेत: निकालाच्या पानाचा वरचा पत्ता घेऊन त्याच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह आणि ‘पी-डब्ल्यू-एस बरोबर शून्य’ अशी इंग्रजी अक्षरे जोडायची. याचा अर्थ, वैयक्तिकीकरण शून्य. अलीकडे निकालांच्या पानाच्या तळाशी, निकाल वैयक्तिक असल्याची सूचना व ते वैयक्तिकीकरणाविना पाहण्याचा दुवा दिसू लागला आहे. तो दाबला की हेच घडते. प्रत्येक वेळी तो दुवा दिसेलच असे नाही. दिसला तर आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. आपण आणि आपली शाळा यांच्यातील ओळख यंत्राने किती धरली होती, हे तेथे डोळ्यांना दिसते.

काही जण सुचवतात, की गूगल सोडून डकडकगो यासारख्या, माग न ठेवणाऱ्या शोधयंत्रावर क्रमांक पाहावा. गोपनीयतेसाठी ते चांगलेच आहे. पण तेथे दिसेल तो त्या यंत्राचा क्रमांक. पालक गूगलला विचारणार असतील तर आपल्यालाही गूगललाच विचारणे भाग आहे.

ठिकाण पुसता येत नाही

येथवर सर्व नीट केले तरी एक गोष्ट उरतेच. आपण कोठून विचारत आहोत, हे गूगल काही ना काही मार्गाने ठरवतेच. मोबाइलने ठिकाण सांगण्याची परवानगी दिली असेल तर त्यावरून, नसेल तर इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तर गूगलचा कोणता देशी पत्ता उघडला यालाही अर्थ राहिलेला नाही. निकाल ठरतो तो माणूस जेथे आहे त्यावरून. पानाच्या अगदी तळाशी यंत्राने धरलेले ठिकाण लिहिलेले असते. ते एकदा पाहावेच. तालुक्याच्या गावी बसलेल्या माणसाच्या मोबाइल जोडणीचा पत्ता दूरच्या मोठ्या शहराचा निघणे ही सामान्य बाब आहे. आपण भूम तालुक्यातील निकाल पाहत आहोत असे समजावे आणि यंत्राने पुणे धरलेले असावे, असे होऊ शकते.

शाळेसारख्या जागेच्या शोधात ठिकाणाचे वजन फार मोठे असते, कारण निकालांच्या वर किंवा मध्ये नकाशाची एक चौकट येते. तिच्यातील क्रम गूगलच्याच सांगण्यानुसार तीन गोष्टींवर अवलंबून असतो: प्रश्नाशी असलेला संबंध, अंतर आणि संस्थेची ख्याती. शाळेच्या आवारात उभे राहून ‘निवासी शाळा’ असे शोधले तर नकाशात आपण पहिले येऊ, यात नवल ते काय? शंभर किलोमीटरवरील पालकाच्या नकाशात आपण असूच असे नाही, आणि निवासी शाळेचा पालक तर बहुधा शंभर किलोमीटरवरचाच असतो.

म्हणून, आपला खरा क्रमांक कोणता, हा प्रश्नच किंचित चुकीचा आहे. एकच असा क्रमांक अस्तित्वात नाही. असतो तो ठिकाणागणिक, प्रश्नागणिक, वेळेगणिक वेगळा क्रमांक. तेव्हा तपासणीही अनेक ठिकाणांहून झाली पाहिजे, आणि येथे आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाजवळ असे एक साधन आहे जे पैसे मोजूनही सहज मिळत नाही. आपली माणसे तालुक्यातालुक्यांत आहेत. पालक ज्या भागांतून येऊ शकतात अशा आठ-दहा ठिकाणच्या माजी विद्यार्थ्यांनी एक दिवस व वेळ ठरवून, समजा रविवारी सकाळी दहा वाजता, तेच चार प्रश्न तपासावेत. एकच वेळ यासाठी, की निकाल दिवसागणिक बदलत राहतात. सोमवारी एकाने व शुक्रवारी दुसऱ्याने पाहिले तर फरक ठिकाणाचा की दिवसाचा, हे कळणार नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये बारा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. वर उल्लेखिलेल्या संशोधकांना आढळले होते, की एका शोधाची छाया पुढील सुमारे दहा मिनिटे नंतरच्या शोधावर पडते. म्हणून ते दोन शोधांत अकरा मिनिटे थांबत. आधी शाळेचे नाव शोधून लगेच ‘निवासी शाळा’ असे विचारले, तर यंत्राला आपणच इशारा दिल्यासारखे होते.

नोंद साधी असावी. प्रश्न कोणत्या शब्दांत व लिपीत विचारला, मोबाइलवर की संगणकावर, पानाच्या तळाशी कोणते ठिकाण दिसले, तारीख, वेळ आणि क्रमांक. क्रमांक मोजताना ‘प्रायोजित’ असे लिहिलेल्या जाहिराती धरू नयेत आणि नकाशाची चौकट वेगळी लिहावी. अलीकडे वरच्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांशही येतो. भारतात तो २०२४ च्या ऑगस्टपासून दिसू लागला. त्यात शाळेचा उल्लेख आहे की नाही एवढे टिपावे. पहिल्या तीन पानांत शाळा सापडली नाही तर ‘नाही’ असे लिहून थांबावे. आखाती देशांत किंवा परदेशांत असलेल्या आपल्या बांधवांनी उत्साहाने स्वतःचे निकाल पाठवले तर ते प्रेमाने स्वीकारावेत, पण या तक्त्यात घेऊ नयेत. तेथून कोणी पाचवीच्या प्रवेशासाठी शोधत नाही.

तपासताना आपल्या दुव्यावर दाबू नये. सर्वांनी मिळून शाळेच्या दुव्यावर शंभर वेळा दाबले की क्रमांक वर जातो, असा एक संदेश अधूनमधून फिरतो. त्या श्रमाने आपल्याच मोबाइलला शाळेची अधिक सवय लागेल आणि पुढची तपासणी अधिक बिघडेल, इतकेच.

खरोखर शोधणाऱ्यांनी काय पाहिले?

वरील सर्व खटाटोप नमुन्याची पाहणी आहे. याहून थेट माहिती देणारे एक साधन गूगलच विनामूल्य देते, ते म्हणजे ‘सर्च कन्सोल’. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर त्यात दिसते की लोकांनी कोणते शब्द विचारले असता आपले पान त्यांच्यासमोर आले, किती वेळा आले, किती जणांनी ते उघडले आणि तेव्हा ते सरासरी कितव्या स्थानी होते. मागील सोळा महिन्यांची माहिती त्यात राहते, त्यामुळे या जूनची गेल्या जूनशी तुलना करता येते. फार थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न गोपनीयतेसाठी दाखवले जात नाहीत. तेवढी उणीव धरून चालावे.

सरासरी हा शब्द मात्र जपून वाचावा. समजा महिन्यात आपले पान वीस वेळा दिसले. त्यातील दहा वेळा ते शाळेचे नाव टाकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पहिल्या स्थानी दिसले आणि दहा वेळा नाव न जाणणाऱ्या पालकांना पंधराव्या स्थानी. सरासरी निघेल आठ. वार्षिक अहवालात आठ हा आकडा बरा दिसेल, पण आठव्या स्थानी शाळा कोणालाच दिसलेली नाही. म्हणून शाळेचे नाव असलेले प्रश्न गाळून उरलेल्यांचीच सरासरी पाहावी. सर्च कन्सोलमध्ये तशी गाळणी लावता येते. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या उरलेल्या आकड्यात असते.

येथे कार्यकारिणीने एक गोष्ट आवर्जून पाहावी. संकेतस्थळ कोणा व्यावसायिकाकडून करून घेतलेले असते आणि सर्च कन्सोलची मालकी त्याच्याच ईमेलवर राहते. माणूस बदलला, की ती नोंद पाहण्यासाठी संस्थेला मालकी नव्याने सिद्ध करावी लागते. मालकी संस्थेच्या ईमेलवर असावी आणि व्यावसायिकाला केवळ वापरण्याची परवानगी द्यावी. जमिनीचा सातबारा आपण जसा संस्थेच्या नावे ठेवतो तसेच हेही आहे.

आणि पैशाचा प्रश्नही आहेच. ‘तुमची संस्था गूगलच्या पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगणारे दूरध्वनी प्रत्येक संस्थेला येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही काम झाल्याचा पुरावा म्हणून हे लोक बैठकीत आपला लॅपटॉप उघडतात, शाळेचे नाव टंकतात आणि पहिली ओळ दाखवतात. महिनाभर त्याच लॅपटॉपवर त्याच संकेतस्थळाचे काम केलेले असते! अशा वेळी पदाधिकाऱ्यांनी संकोच न करता तीन गोष्टी मागाव्यात: शाळेचे नाव नसलेला प्रश्न विचारा, आमच्या मोबाइलच्या इन्कॉग्निटो खिडकीत विचारा, आणि सर्च कन्सोलमधील त्याच प्रश्नाचा मागील वर्षीचा व या वर्षीचा आकडा दाखवा. संस्थेचा पैसा म्हणजे कोणाच्या तरी मजुरीतून आलेले धम्मदान आहे. ते खर्च करताना एवढे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि प्रामाणिक व्यावसायिकाला ते विचारलेले आवडतेच.

तपासणीअंती क्रमांक वाईट निघाला तर काय करावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण पहिले पाऊल बहुधा फुकटचे असते. अनेक शिक्षणसंस्था प्रवेशाची सूचना कागदावर टंकून, शिक्का मारून, तिचे छायाचित्र संकेतस्थळावर लावतात. यंत्राला वाचायला खरीखुरी अक्षरे मिळाली तर ते काम सोपे होते. कोणत्या इयत्तांना प्रवेश आहे, मुलींची राहण्याची सोय आहे का, कोणती कागदपत्रे लागतात, जातीचा दाखला नसेल तर काय करावे, फोन कोणाला करावा, हे सर्व पालकांच्याच शब्दांत एका पानावर लिहिलेले असावे. नकाशावरील शाळेची खूण योग्य जागी आहे आणि तेथील दूरध्वनी क्रमांक चालू आहे, हेही एखाद्या शिक्षकाने सत्राच्या आरंभी पाहून ठेवावे.

राहता राहिला प्रश्न, तपासणी झाल्यावर वैयक्तिक निकालांचे बटण पुन्हा चालू करावे का? स्वतःच्या मोबाइलपुरते ज्याने त्याने ठरवावे. शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रांवर मात्र ते कायम बंद असलेले बरे. तेथे एकाच खुर्चीवर दिवसभरात तीस मुले बसतात. सकाळी आठवीतल्या मुलाने क्रिकेटचे शोध घेतले आणि दुपारी त्याच यंत्रावर दहावीतली मुलगी शिष्यवृत्तीची शेवटची तारीख शोधायला बसली, तर त्या दोघांची सरमिसळ कशाला? मुलांनी आपापली खाती तेथे उघडी सोडू नयेत आणि तास संपला की खिडकी बंद व्हावी, एवढी व्यवस्था संगणक शिक्षकांनी करावी. खिडकी बंद करताच कुकी आपोआप पुसण्याची सोय ब्राउझरच्या सेटिंगमध्येच असते. त्यासोबत पुसल्या जाणाऱ्या ‘सर्च कस्टमायझेशन’च्या बटणाची मग काळजी राहत नाही; खूणचिठ्ठीच शिल्लक नसल्याने पुढच्या विद्यार्थ्याच्या शोधाला मागच्याची ओळख उरत नाही.